हेलिकॉप्टरच्या हयातीचा दाखला

हेलिकॉप्टर सापडलं. नंबरासकट सापडलं, दिवसाढवळ्या सापडलं, आणि ज्या अकरा जणांच्या बुडाखाली सापडलं ते सगळे त्या वेळी शुद्धीवर होते.

असं काही घडलेलं नाही. हिवरतळ्यात हेलिकॉप्टर कधी उतरलंच नव्हतं, असा ग्रामपंचायतीचा ठराव आहे. एकमतानं मंजूर. जे उतरलंच नाही ते सापडणार कुठून? तेव्हा वरचा परिच्छेद वाचला असेल तर विसरा, मी सुरुवातीपासून सांगतो.

माझी आजी सुलाबाई. तिचं माहेर जिंतूर तालुक्यातलं हिवरतळं, सासर पिंगळी. पिंगळीला आजोबा, दत्तराव, रेल्वेत गँगमन होते. आता पेन्शनवर आहेत, आणि रुळांवर जेवढं लक्ष ठेवायचे तेवढं आजीवर ठेवतात. आमच्या घरात ‘हेलिकॉप्टर’ या शब्दाचा अर्थ खोटं असा आहे. मी मार्क वाढवून सांगितले की आजोबा म्हणायचे, “हेलिकॉप्टर उडवू नको.” दूधवाल्यानं पाणी घातलं नाही म्हणून शपथ घेतली की, “आलं बगा हेलिकॉप्टर.” हा मराठीतला जुना वाक्प्रचार आहे अशी माझी समजूत होती. सहामाहीच्या पेपरात वाक्यात उपयोगही केला. बाईंनी शून्य दिलं आणि शेजारी लिहिलं, पालकांना भेटा.

वाक्प्रचाराचा उगम असा. साल चौसष्ट. आजी नऊ वर्षांची. भरदुपारी हिवरतळ्याच्या ज्वारीच्या रानात लष्कराचं हेलिकॉप्टर उतरलं. अगदी पहिल्या पिढीतलं. पुढं माणूस बसायला काचेचा मोठा फुगा, मागं विजेच्या खांबासारखी उघडी जाळीदार शेपटी, शेपटीच्या टोकाला छोटा पंखा आणि डोक्यावर दोन लांब लाकडी पाती. का उतरलं ते कुणाला कळलं नाही. आत एकच साहेब होता. तो घामानं निथळत खाली उतरला आणि समोर जी पहिली वस्ती दिसली तिथं जाऊन पाणी मागितलं.

ती आमची वस्ती होती. धम्मदीक्षा घेऊन आठ वर्षं झाली होती, घराघरात बुद्धाची तसबीर लागली होती, पण गावच्या आडावर आमची घागर अजून चालत नव्हती. साहेबाला यातलं काही ठाऊक नव्हतं. आजीनं रांजणातलं लोटाभर पाणी दिलं. तेवढ्यात गावाकडून गावचा कारभार बघणारे मालीपाटील पळत आले, आणि त्यांच्यामागं भरलेला पितळी तांब्या दोन्ही हातांनी सांभाळत त्यांचा मुलगा.

“साब, इधर का पानी नक्को पियो!” मालीपाटील लांबूनच ओरडले.

साहेबानं लोटा रिकामा केला, आजीपुढं धरला आणि म्हणाला, “और दे बेटी.”

एवढीच गोष्ट. साहेब मग चालत जिंतूरच्या रस्त्याला लागला. चार दिवसांनी लष्कराचा ट्रक आला, इंजिन आणि कामाचं सामान काढून घेऊन गेला, बाकीचं पुन्हा येऊन नेऊ म्हणाला. गावानं ट्रकची ती खेप वाचवली. आठवड्याभरात बाकीचं हेलिकॉप्टर घरोघरी पोचलं होतं. मग तालुक्याहून फौजदार आला, सरकारी माल कुठं आहे म्हणून. मालीपाटलांनी गाव गोळा केलं आणि फौजदारासमोर विचारलं, “कोनतं हेलिकॉप्टर?”

गाव म्हणालं, “कोनतं?”

एकटी आजी बोट दाखवून म्हणाली, “ते काय, तितं उतरलं होतं की. मी पानी दिलं.”

त्या दिवशी हिवरतळ्यात खोटारडं कोण हे ठरून गेलं. हेलिकॉप्टर आलं होतं असं म्हटलं की चोरी कबूल करावी लागत होती. वर साहेब कुणाचं पाणी पिऊन गेला हेही कबूल करावं लागत होतं. दोन्ही झाकायला एकच नऊ वर्षांची पोर पुरली.

आजीकडं पुरावा म्हणाल तर एकच. शेपटीवर रंगवलेला नंबर. तिला तेव्हा फक्त मराठी आकडे यायचे, इंग्रजी आकडे म्हणजे नुसती चित्रं. म्हणून तिनं चित्रंच पाठ केली: काठी, दोन गोळे, कोयता, उलटी खुर्ची. लग्न होऊन पिंगळीला आल्यावर तिनं हे नवऱ्याला विश्वासानं सांगितलं. ही तिची संसारातली पहिली चूक. तेव्हापासून कुठल्याही भांडणात ती जिंकायला लागली की आजोबा शांतपणे म्हणतात, “काठी, गोळे, कोयता, खुर्ची.” भांडण संपतं.

माहेरी जाणंही तिनं वीस वर्षांपूर्वी सोडलं. ती एसटीतून उतरली की गावातली पोरं हाताचे पंख करून तिच्याभोवती घरघर करत फिरायची. त्यातली काही पोरं आता स्वतः बाप झाली आहेत, आणि घरघर पुढच्या पिढीला शिकवून मोकळी झाली आहेत.

मी सिद्धोधन. एका कृषी सेवा केंद्राचा फवारणीचा ड्रोन चालवतो. मागच्या वर्षी मला इंटरनेटवर जुन्या लष्करी हेलिकॉप्टरांचा छंद असलेल्या लोकांचा एक गट सापडला. ते जगभरातली शिल्लक हेलिकॉप्टरं शोधून त्यांची यादी करतात. यादीत तीन रकाने आहेत: उडणारी, संग्रहालयात ठेवलेली, आणि हयात पण अवस्था वाईट. तिसऱ्या रकान्यात आजोबासुद्धा बसले असते. मी आजीची हकीकत लिहून पाठवली. उत्तर आलं की नंबर स्पष्ट दिसेल असा भागाचा फोटो पाठवा, विचार करू.

मला यादीचं काही नव्हतं. मला आजोबांच्या तोंडून एकदा ऐकायचं होतं की सुला खरं बोलत होती. आजी एकाहत्तरची, आजोबा अठ्ठ्याहत्तरचे. उशीर केला असता तर खटला चालवायला एकच पक्षकार उरला असता.

हिवरतळ्यात सोयाबीनची फवारणी निघाली तशी मी ती मागून घेतली. ड्रोन वर गेला आणि पाचव्या मिनिटाला मला मोबाइलवर शेपटी दिसली. गावाच्या कडेला बिरदेवमामांचा मेंढरांचा वाडा आहे, त्याच्या बाजूला दोडक्याचा मांडव होता. मांडव तिकोनी जाळीचा, वीस फूट लांब, एका टोकाला निमुळता. ड्रोन खाली घेऊन मी तिथं गेलो. आजीच्या माहेरचे म्हणून सगळ्यांना मामा म्हणायचं असं मी ठरवून आलो होतो.

“मामा, हे काय हाय?”

“शिडी,” बिरदेवमामा म्हणाले.

“शिडीवर दोडका का चढिवला?”

“मानसं चढत न्हाईत म्हनून.”

“अन् शिडीच्या टोकाला पंखा?”

बिरदेवमामांनी बायकोकडं पाहिलं. अंबामामी लोकर पिंजत बसली होती. मान वर न करता म्हणाली, “दोडक्याला गरम होतंय.”

मी फोटो काढायला मोबाइल वर केला. नंबर असायला हवा तिथं वेलाची पानं दाट होती. मी पानं बाजूला सारायला लागलो, तसे बिरदेवमामा उठले.

“कोनाचा रं तू?”

“पिंगळीचा. सुलाबाईचा नातू.”

अंबामामीचा हात थांबला. बिरदेवमामांनी खुंट्याजवळ जाऊन कुत्र्याची साखळी सोडली. रागानं नाही. पाहुणा आला म्हणून चहाचं आधण ठेवावं तितक्या सावकाश.

“आमच्या शिडीला नख लावायचं न्हाई,” ते म्हणाले. “घरघर करायची तर तिकडं रानात कर. आजीला घेऊन.”

कुत्र्यानं मला नाल्यापर्यंत पोचवलं. नाल्यापलीकडं त्याची हद्द नव्हती, तरी आला.

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो तर दोडक्याचा वेल जमिनीवर झोपला होता आणि मांडवाच्या जागी दोन खड्डे होते. अंबामामी वेलावरचे दोडके खुडत होती. माझ्याकडं बघून म्हणाली, “कुनाच्या बापाचं काय खाल्लं होतं रं या येलानं?” मग तिनं एक दोडका मला फेकून मारला. नेम चांगला होता.

तेवढ्यात भगवानरावांचा निरोप आला, पारावर ये.

भगवानराव म्हणजे त्या मालीपाटलांचे चिरंजीव. तीन वेळा सरपंच होते. आता नाहीत, पण ही बातमी अजून गावात कुणी त्यांना दिलेली नाही. मारुतीच्या पारावर एक सतरा फुटी निळी फळी आहे, दोन्ही टोकांना दगडाचा टेकू दिलेली. गाव सकाळ-संध्याकाळ तिच्यावर बसतं. फळी एका कडेला जाड आणि दुसऱ्या कडेला पातळ आहे. त्यामुळं सवय नसलेला माणूस बोलता बोलता मागं घसरतो. गावातल्या जावयांची परीक्षा तिथंच होते. भगवानराव फळीच्या मधोमध बसले होते, दोन्ही बाजूंना त्यांचे लोक. मला कुणी बस म्हटलं नाही. मी उभा राहिलो.

“काय हुडकायलास गावात?”

“हेलिकॉप्टर, मामा.”

“मामा म्हनू नको. मी तुहा मामा न्हाई.” त्यांनी पानाची पिचकारी माझ्या बुटापासून वीतभर अंतरावर सोडली. “आयक. हितं हेलिकॉप्टर आलं न्हवतं. आलं असल तरी कुनी चोरलं न्हवतं. चोरलं असल तरी तुह्या आजीनं कुनाला पानी पाजलं न्हवतं. समजलं?”

“समजलं. एक विचारू? तुमच्या अंगणात कोंबड्यांवर काय झाकलंय?”

त्यांचं अंगण पारावरून सरळ दिसत होतं. एका कोंबडीवर आणि तिच्या पिल्लांवर मोठ्या परातीएवढा काचेचा अर्धगोल पालथा घातला होता, पिवळा पडलेला, ओरखडलेला. कोंबडी आतून थेट आमच्याकडं बघत होती. मला ती वैमानिकासारखी वाटली.

“डालं हाय,” भगवानराव म्हणाले.

“काचेचं डालं?”

“कोंबडीला बाहेरचं दिसावं म्हनून. आमी जीव लावतो जनावराला. काही मानसांपेक्षा जास्त.” फळीवरचे सगळे हसले. एक जण हसता हसता मागं घसरला, शेजाऱ्यानं दंड धरून वर ओढला. भगवानराव हसले नाहीत. “तुहं ते उडतं डबडं उद्या गावावर दिसलं तर गोफनीनं पाडील. बिरदेव हाय इतं. त्याचा गोटा चुकत न्हाई.”

बिरदेवमामा फळीच्या टोकाला बसले होते. त्यांनी नम्रपणे मान डोलावली.

मी सरळ ग्रामपंचायतीत गेलो. म्हटलं जुन्या दप्तरात एखादा पंचनामा असेल. ग्रामसेविका राजेश्री मॅडम. त्यांच्याकडं तीन गावं आहेत आणि तिन्ही गावांचा राग त्या आळीपाळीनं तिन्ही गावांवर काढतात. मी अर्ज दिला: ‘मौजे हिवरतळे येथे हयात असलेल्या हेलिकॉप्टरबाबत माहिती मिळणेबाबत.’ यादीतला ‘हयात’ शब्द माझ्या डोक्यात बसला होता, तो तसाच कागदावर उतरला.

मॅडमनी अर्जावर बोट ठेवलं. “हयातीचा दाखला पायजे का?”

“तसं नाही मॅडम...”

“हयातीच्या दाखल्याला स्वतः हजर राहावं लागतं. समोर आणा.”

“हेलिकॉप्टर आहे मॅडम.”

“कुणी का असेना. मागच्या महिन्यात एकाला बाजेवर घालून आणलं होतं. नियम सगळ्यांना एकच.” त्यांनी अर्ज परत सरकवला. “अन् हयात नसेल तर मृत्यूचा दाखला मिळंल. त्याला हजर राहायची गरज न्हाई.”

बाहेर आलो तर भगवानरावांच्या अंगणात कोंबडी मोकळी फिरत होती. तिच्यावर काही झाकलेलं नव्हतं. समोरून भंगाराचा टेम्पो धूळ उडवत जिंतूरच्या रस्त्याला लागला होता.

मी मोटारसायकल मागं घातली. टेम्पो जिंतूरच्या बाहेर मुंजाजीच्या भंगार अड्ड्यावर थांबला. मुंजाजी माणूस बारीक, आवाज जाड. मी पोचलो तेव्हा तो हातातल्या कटरला शिव्या घालत होता.

“तू तोच का रं, हिवरतळ्यात हेलिकॉप्टर हुडकनारा?” त्यानं माझ्या आधीच विचारलं. “तुह्या पायी माहं डोकं फिरायची येळ आली. दोन दिवसांत पस्तीस घरचं सामान आलंय. साठ वर्षं एक खिळा इकला न्हाई त्या गावानं, अन् आता म्हनायलेत आजच्या आज वितळीव.”

“ती पंख्याची शिडी कुठंय?”

“सकाळीच तुकडे करून पाठिवली. तिच्यात कटरची दोन पाती गेली माही. काचंचं ते टोपलं फुटलं टेम्पोतच, प्लास्टिक निघालं. ह्या बसायच्या पट्ट्या, हे नळ, हे एक काय म्हाईत.” त्यानं पायानं ढीग ढकलला. आजीचं हेलिकॉप्टर साठ वर्षांनी पहिल्यांदा एका जागी जमलं होतं. वजनकाट्यावर.

मी ढीग उपसला. प्रत्येक तुकडा उलटा करून पाहिला. नंबर एकावरही नव्हता. तो शेपटीवर होता आणि शेपटी गेली होती. म्हणजे मी शोधायला लागलो नसतो तर हेलिकॉप्टर चांगलं हयात राहिलं असतं. दोडक्याखाली, कोंबडीवर, कुणाच्या चुलीमागं. शोध घेऊन संपवलं ते मी. यादीत यासाठी वेगळा रकाना नव्हता.

“सगळंच दिलं का त्यांनी?” मी विचारलं.

“सगळं. ते भगवानराव सोता हुबं राहून काढायले होते, गावात लोखंडाचा कन ठिवू नका म्हनून.” मुंजाजीनं कटर खाली ठेवला. “लाकूड काय म्या घेत न्हाई.”

“लाकूड कशाला घेशील...” मी म्हणालो आणि ढिगातून उठलो.

दोन लांब लाकडी पाती. गटाच्या फोटोंत यंत्राचा नंबर पात्यांच्या पोटावरही घातलेला असायचा. मी रोज ड्रोनची पाती पुसतो. एक कड जाड, एक कड पातळ, ही रोज बोटांखालून जाते. आणि सतरा फुटी निळ्या फळीसमोर मी पाऊण तास उभा राहिलो होतो.

घरी येऊन सांगितलं. आजी भाकरी थापत होती, थापतच राहिली. आजोबा म्हणाले, “हेलिकॉप्टर.”

“उद्या चला,” मी म्हणालो. “दोघंबी.”

“चला की,” आजोबा म्हणाले. “पर एक अट. काठी, गोळे, कोयता, खुर्ची दिसली न्हाई तर परतताना हिनं गप बसायचं. पिंगळीपोतर.”

“अन् दिसली तर तुमी,” आजी म्हणाली. “मरेपोतर.”

सकाळी आठला आम्ही पारासमोर उतरलो. आजी पांढऱ्या साडीत, आजोबा रेल्वेच्या जुन्या कोटात, साक्षीदार म्हणून. फळीवर अकरा जण बसले होते. मधोमध भगवानराव, टोकाला बिरदेवमामा. कुणीतरी हळूच घरघर केली. आजी तिकडं बघत सरळ चालत आली आणि फळीपासून चार पावलांवर थांबली. लहानपणी वस्तीच्या माणसांनी तिथंच थांबायचं असायचं. पायाला जागा आठवली असणार.

“आली का इमानवाली?” भगवानराव म्हणाले. “बोल सुले. आता काय उतरवतीस? आगगाडी?”

“उठ भगवान,” आजी म्हणाली. “मला फळीचं बूड बघायचंय.”

“फळीला बूड असतंय का?”

“तिच्यावर हाय न्हवं, तेच.”

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. भगवानरावांनी वळून पाहिलं, हसणारा सापडला नाही. “माह्या बापानं घरच्या बाभळीची करून दिली ही फळी. साठ वर्षं गाव बसतंय. कुनी उठनार न्हाई.”

ते उठणार नव्हतेच. मग मी जमिनीवर उताणा झोपलो आणि बावीस पायांच्या मधून फळीखाली सरकलो. तीन जणांनी मला लाथ मारली, त्यातल्या दोघांनी चुकून. वर निळा रंग होता, खाली कुणी रंगवण्याची तसदी घेतली नव्हती. कोळ्यांची जाळी पुसली, वाळलेल्या चुन्याची बोटं पुसली. मोबाइलचा उजेड टाकला.

“आजी,” मी खालून ओरडलो, “सांग मोठ्यानं!”

“काठी!” आजी म्हणाली.

1. “हाय!”

“दोन गोळे, एकावर एक!”

8. “हाय!”

“कोयता!”

7. “हाय!”

“उलटी खुर्ची!”

4. मी फोटो काढला. मग बाहेर सरकून मोबाइल आजोबांच्या हातात दिला. त्यांनी तो लांब धरला, जवळ धरला, कोटाच्या बाहीनं काच पुसली. भगवानरावांनी वाकून मोबाइलमध्ये पाहिलं आणि त्यांची मान लाल झाली.

“आकड्याचं काय एवढं! फळीवर आकडा कुनीबी लिवतंय!”

“कुनी लिवला मग?” आजी म्हणाली. “मी? वस्तीच्या पोरीला फळीजवळ येऊ देत होता का तुहा बाप?”

“बापाचं नाव काढू नको!”

“का काढू नको? त्यानंच मला खोटी केली. मी पानी दिलं साहेबाला. तू बगत होतास, चड्डी सावरत.”

“चड्डी न्हाई, तांब्या!” भगवानराव ताडकन उभे राहिले. “तांब्या होता माह्या हातात! घरून पळत आनला, एक थेंब सांडू दिला न्हाई, अन् त्या साहेबानं बगितलं सुदिक न्हाई! तुहाच लोटा पुन्हा पुढं केला! बापानं मला मारलं त्यापायी, म्हनला तू हळू पळालास!”

बिरदेवमामांनी टोकाकडून मान पुढं काढली.

“मालक,” ते म्हणाले, “कोनता साहेब?”

भगवानरावांनी फळीवरच्या एकेकाकडं पाहिलं. “मी काही म्हनलो न्हाई,” ते म्हणाले. “कुनी काही आयकलं का?”

“न्हाई,” दहा जण म्हणाले. बिरदेवमामा सगळ्यांत शेवटी म्हणाले.

भगवानराव उठल्यानं फळीवर मधोमध जागा झाली होती. आजी चार पावलं चालली आणि तिथं बसली. घसरली नाही. डावीकडचे पाच उठले, मग उजवीकडचे पाच. काही घराकडं गेले, काही नुसतेच लांब उभे राहिले, पाठ करून. थोड्या वेळानं सतरा फुटी पात्यावर एकटी आजी होती.

“साठ वर्षं बसलाव न्हवं,” ती त्यांच्या पाठींना म्हणाली. “आता जरा वेळ मी.”

तिनं जवळजवळ तास काढला. आजोबा फळीवर येऊन बसले नाहीत, पण कोटाची सगळी बटणं लावून सरळ उभे राहिले, रुळावरून मोठ्या साहेबाची गाडी जाताना राहायचे तसे. परतताना जिंतूरपर्यंत आणि जिंतूरहून परभणीपर्यंत त्यांनी तोंड उघडलं नाही. आजीही बोलली नाही. अट तिला लागू नव्हती, पण मजा घेत होती.

तिसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीच्या ठरावाची नक्कल आली. मौजे हिवरतळे येथे आजपावेतो कोणतेही हेलिकॉप्टर उतरलेले नाही. पारावरील बाकडे कै. मालीपाटील यांच्या शेतातील बाभळीचे आहे. त्याखालील १८७४ हा आकडा बाभळीच्या लागवडीचे साल समजावे. बाकडे खालच्या बाजूनेही रंगवून घेण्यात आले आहे. सूचक भगवानराव, अनुमोदक बिरदेव. तिकडं हेलिकॉप्टरवाल्या गटाचंही उत्तर आलं: फोटो उत्तम आहे, सोबत स्थानिक कार्यालयाचा दाखला जोडा, मग नोंद घेऊ.

आजोबांनी ठराव दोनदा वाचला. त्याच वेळी दारात दूधवाला शपथेवर सांगत होता की पाण्याचा थेंब घातलेला नाही. आजोबांनी तोंड उघडलं, आणि अडले. शब्द आता खरा झाला होता, शिवी म्हणून चालत नव्हता.

“सुले,” ते म्हणाले. गाडीत बसल्यापासूनचा तो पहिला शब्द. “मंग आता खोट्याला म्हनायचं काय?”

“हातात काय हाय तुमच्या?”

आजोबांनी कागदाकडं पाहिलं, मग दूधवाल्याकडं. “ठराव करू नको,” ते म्हणाले.

दाखल्याचा अर्ज आजोबांनीच सांगितला. दर नोव्हेंबरात स्वतः हजर राहून ते आपण जिवंत असल्याचं सरकारला पटवतात, त्यामुळं या कामाचा त्यांना अनुभव आहे. अंगठा न लावता आजीनं सही केली, आणि सहीखाली चार चित्रं काढली. शेवटचं वाक्य मात्र तिचं आहे. आजोबा त्याला काट मारत होते, तिनं मारू दिली नाही.

प्रति,
मा. ग्रामसेविका, ग्रामपंचायत कार्यालय, हिवरतळे, ता. जिंतूर, जि. परभणी.

विषय : हेलिकॉप्टर क्रमांक १८७४ यास हयातीचा दाखला मिळणेबाबत.

महोदया,
वरील विषयान्वये अर्ज सादर करण्यात येतो की, सदर हेलिकॉप्टर हयात असून मारुतीच्या पारावर कायम वास्तव्यास आहे. त्यावर गाव बसलेले असल्याने ते आपल्या कार्यालयात स्वतः हजर राहू शकत नाही. तरी कार्यालयानेच पारावर हजर राहून, खालचा नवा रंग खरवडून, त्याची ओळख पटवावी. पंचनाम्याच्या वेळी सर्व पंचांना पिण्याचे पाणी अर्जदार स्वतःच्या हाताने देईल. ते पाणी सर्वांनी, श्री. भगवानराव यांनी प्रथम, प्यावे, लोटा रिकामा करून अर्जदारापुढे धरावा, आणि पोच म्हणून ‘और दे’ असे स्वहस्ताक्षरात लिहून द्यावे, ही नम्र विनंती.